खंडेनवमीनंतरचा बॅकअप

मानपाड्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात खंडेनवमीला एकही यंत्र चालू ठेवायचं नाही, असा दंडक होता. त्या वर्षी मी कॉम्प्युटरवर टाइप करत बसलेले, तेवढ्यात पूजेची वेळ झाली म्हणून सुपरवायझरकाकांनी सरळ मेन स्विच बंद केला. मी भयंकर चिडले. ते शांतपणे मॉनिटरला झेंडूचा हार घालत म्हणाले, "अगं, त्यालाही एक दिवस विश्रांती नको का?"

दसऱ्यानंतर बॅकअप घ्यायला बसले, तर तो दरवेळी तिसऱ्या फ्लॉपीवर अडकायचा. फ्लॉपी बदलल्या, तरी तेच. शेवटी कॉम्प्युटरला त्याची हार्ड डिस्कच तपासायला लावली. पडद्यावर एकेक चौकोन संथपणे भरत गेला, खिडकीतून रंगाचा गोडसर वास येत राहिला आणि माझा डोळा लागला.

जागी झाले तेव्हा डिस्क दुरुस्त झालेली. कुठल्याच फाइलचे नसलेले तुकडे यंत्राने वेगळे काढून ठेवले होते. एक उघडला. काकांनी मेन स्विच बंद केला तेव्हा मी गुपचूप टाइप करत असलेला माझा राजीनामा होता, अर्ध्या वाक्यावर तुटलेला.

"काही कामाचं सापडलं का गं?" काकांनी विचारलं.

"नाही," म्हणत मी तो पुसला. बॅकअप शेवटपर्यंत गेला. पुढे कारखान्याला कायमचं कुलूप लागेपर्यंत मीही तिथेच होते.