नवी नवरा

रविवारचं मासळीचं जेवण अंगावर आलंय. आरामखुर्चीत डोळा लागतोय न लागतोय. संध्याकाळी बावतीस येणार आहे. त्याची बायको वारली, माणूस सरळ. 'आपण लग्न करूया का' असं विचारून गेलाय आणि आज मला उत्तर द्यायचंय. माझ्या तोंडून ना हो निघत, ना नाही.

समोर ओटीवर कैतान खडूचे हात झटकत उभे आहेत. माझा नवरा. वारल्याला बरीच वर्षं झाली, पण सदरा कडक इस्त्रीचा. माझ्यासाठी पाद्री व्हायची सेमिनरी सोडली या माणसाने, लॅटिन काही सोडलं नाही.

"आगू, नोवुस चालव बघू."

"मेल्यावरही मास्तरकीच का? नोवुस, नोवा, नोवुम. नवा, नवी, नवं."

"आपल्याच कुळातला शब्द," ते खुशीत येतात. "पोर्तुगालात नोवो झाला, इटलीत नुओवो, फ्रान्सात नुव्हो. अर्थ कुणी टाकला नाही."

मी शाळेच्या बाकावर बसलेय. फळ्याखाली आमच्या बावखलाचं पाणी आहे, त्यात बदकं फिरतायत.

"नवं घर?"

"नोवा दोमुस. लॅटिनमध्ये घर बाई असतं."

"शाब्बास. पण तुझं लक्ष कुठेय?"

मराठीत जीभच रेटत नाही, म्हणून लॅटिनमध्ये सांगते. "नोवा मारितुस." आता हे निघून जाणार, कायमचे.

ते कपाळाला हात लावतात. "अगं, नवी नवरा? दोमुसला नोवा लागलं म्हणून दिसेल त्याला लावशील? मारितुस पुल्लिंगी. नोवुस मारितुस. नवा नवरा." आणि स्वतःचंच बोलणं ऐकून थांबतात.

मला रडू फुटतं. "चालेल तुम्हाला?"

"व्याकरण चुकलेलं चालणार नाही. नवरा चालेल."

"मग तुम्ही कोण?"

"मी नुसता मारितुस. मला विशेषण लागत नाही."

फाटकाची कडी वाजते. मी जागी होते, आणि मुठीत काहीतरी टोचतं. लग्नाची अंगठी. साबण लावला, तेल लावलं, कधी निघाली नव्हती. आता डाव्या हाताच्या बोटावर नुसता पांढरा वळ आहे. मी ती उजव्या हातात घालते.

बावतीस पायरीवर चपला काढतोय, अजून बसलाही नाही.

"हो," मी सांगून टाकते.