रेलायची सवय
बामाचा वास आला की इस्लामपूरचा तो वर्ग आठवतो. मोडत चाललेल्या जुन्या फुगड्या जाणत्या बायकांकडून गोळा करून मी तिथं साठीपुढच्या बायकांना शिकवायचे. नवरा मिलिटरीत म्हणून जन्मभर घर नि ऊस एकटीनं सांभाळलेल्या एका आजीनं बाम चोळलेले हात माझ्या हातात दिले, पण पाठ काठीसारखी ताठ! फुगडीत दोघींनी मागं रेलल्याशिवाय गिरकी लागत नाही. "रेला की, आजी." "रेलायची सवयच न्हाई वं बाई. रेलायला हुतंच कोण?" "मी आहे ना." तिनं डोळे मिटून अंग मागं टाकलं आणि आम्ही गरगर फिरलो. थांबल्यावर ती म्हणाली, "हात सोडू नगा एवढ्यात." इतक्या वर्षांनी, परवा एका विद्यार्थिनीनं मला फुगडीला ओढलं, तेव्हा बामाचा वास माझ्याच मनगटांना होता. "बाई, रेला की," ती म्हणाली, "मी हाय."