पीपी नंबर

गांधीबागेमागच्या आमच्या मोहल्ल्यात फोन फक्त माडीवरच्या म्हाताऱ्या काकांकडे होता. सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर त्यांचाच नंबर असे. पुढे 'पीपी' लिहिलं की फोन शेजाऱ्यांचा, हे वाचणाऱ्याला कळे. घंटी वाजली की ते रिसीव्हर आडवा ठेवत, गॅलरीत जात आणि थकल्या आवाजात हाक मारत, "ये गा, तुले फोन आला."

एकदा भावाच्या फोनची वाट पाहत मी त्यांच्याकडे बसलो होतो. घंटी वाजली. त्यांनी ऐकून घेतलं, "बोलावतो" म्हणाले आणि गॅलरीतून हाक मारली. नाव त्यांचं स्वतःचंच होतं. कठडा धरून ते खाली पाहत राहिले. मग आत येऊन फोनवर म्हणाले, "ओ देऊन नाही राहिले ते. मंग लावजा."