चिनी वकिलाची शेवटची पानं

कोणतंही भांडण समोर आलं, की भाऊ आधी चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "थांबा. चिनी वकील असता तं त्यानं काय केलं असतं?"

हा वकील कोर्टातला नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी चीनच्या बादशहाने विलायतेला पाठवलेला राजदूत. कामरगावच्या आमच्या वाचनालयात रद्दीतून आलेलं त्याच्यावरचं एक पुस्तक होतं, पुठ्ठा गेलेलं, शेवटची पानं गळालेलं. वाचनालय सांभाळता सांभाळता भाऊंनी ते इतक्यांदा वाचलं, की लंडन त्यांना तालुक्याच्या कारंजा गावाहून जवळ वाटे. वकिलाने तिकडची आगगाडी पाहिली आणि ही चीज चांगली आहे, आपणही आणू, असं घरी खरंखरं लिहून कळवलं. "दुसऱ्याचं चांगलं त्याले दिसे," हे सांगताना भाऊंचे डोळे भरून येत आणि आम्ही चहा मागवत असू.

वकिलाचं पुढे काय झालं, ते मात्र भाऊंना ठाऊक नव्हतं. पानंच नव्हती.

अशा माणसाला सोयरिकीच्या भानगडीत पाठवू नये. मी पाठवलं. माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पाहुण्यांच्या खांद्यावर टाकायचे मानाचे दुपट्टे कमी पडले आणि नवऱ्यामुलाच्या थोरल्या काकांना नुसती टोपी मिळाली. काका रुसले. लग्नाचं नंतर पाहू, असा त्यांच्या गावाहून, इंझोरीहून निरोप आला. मुलीला मुलगा मनापासून पसंत होता. आमच्या घरात मात्र एकमत होतं, की चूक त्यांचीच. हेच ठणकावून सांगायला आम्ही भाऊंना जीपमध्ये बसवून दिलं.

संध्याकाळी ते परतले, ते उघड्या खांद्याने.

"त्यायचं बरोबर हाये," म्हणाले. "मी सांगून आलो, चूक आमची. माया दुपट्टा काकाच्या खांद्यावर टाकला. लग्नाची तारीख घेऊन आलो. अन् वांग्याची भाजी, खरं सांगतो, आपल्यापेक्षा चांगली होती."

भाजीचं एक वेळ सोडून दिलं असतं. पण चार लोकांत माझी चूक कबूल करून आले होते. "भाऊ, तुमी कोणाकडचे?" मी विचारलं. ते चष्मा पुसत बसले. त्यानंतर मी वाचनालयाची वाट सोडली, लग्नाचं आमंत्रण द्यायलाही गेलो नाही.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा मुलीने मोबाइलवर वकिलाचा शेवट शोधला आणि माझ्यासमोर धरला. त्याच्याच देशातल्या लोकांनी त्याला घरभेदी ठरवलं होतं. त्याच्या लिखाणावर बंदी घातली होती. बिचारा मान खाली घालून गावी परतला.

"बाबा, तुमी बी तेच करून राह्यले," एवढंच ती म्हणाली. मला फार लाज वाटली.

पत्रिका आणि नवा दुपट्टा घेऊन मी भाऊंकडे गेलो. दुपट्टा त्यांच्या खांद्यावर टाकला. मागचं त्यांनी काही काढलं नाही. एकच विचारलं, "वकिलाचं काय झालं मंग? तुया पोरीले इचारलं, तं म्हने बाबाले इचारा."

"सारं गाव घ्यायले आलं होतं, भाऊ," मी म्हणालो. इतक्या सफाईने मी आजवर खोटं बोललो नव्हतो.

लग्नात भाऊ मुलाकडच्या पंगतीला बसले आणि वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

गेल्या वर्षी ते गेले. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा पहिलं ते पुस्तक काढलं. शेवटी वहीचा एक कागद दाभणाने शिवून जोडला होता. त्यावर भाऊंच्या अक्षरात लिहिलं होतं: वकीलसाहेब घरी पोचले. सारं गाव घ्यायला आलं. गावाने त्यांना दुपट्टा दिला.