कडूकंद

मागच्या श्रावणात लसीकरणासाठी कातकरी वाडीवर गेले होते. काम आटपल्यावर तिथल्या हिराबाईच्या अंगणात टेकले. तिने रानातल्या कडूकंदाच्या चकत्या राख घालून उकडल्या होत्या आणि दोन दिवस ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवल्या होत्या. आता ती त्या चकत्यांची टोपली घेऊन आली होती.

"एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं.

"त्याबिगर विष जात नाही, बाई. माझ्या थोरल्या बहिणीनं भुकेपोटी एका दिवसातच पाण्यातून काढून खाल्ला. गेली ती."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मी त्या पांढऱ्या चकत्यांकडे बघत राहिले. माणूस शिकारीवर वाढला असं आपण ऐकत आलो, पण शिकार रोज कुठे मिळते? रोजची भूक असल्याच कंदांनी भागवली असणार. त्यांच्या पिठाळ गोडव्यावर आपला मेंदू पोसला असणार. आणि कोणता कंद खावा, किती धुवावा, हे कुणीकुणी जीव देऊन शिकवलं असणार. त्यांची नावंही उरली नाहीत. आपल्या प्रत्येक घासामागे ती माणसं गुपचूप उभी आहेत, असं वाटलं.

"मग खाताना भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून आधी मी खाते."

तिने एक चकती तोंडात टाकली आणि सावकाश चावू लागली. दाराशी तिच्या दोन मुली बसल्या होत्या. भुकेल्या होत्या, तरी एकीनेही टोपलीत हात घातला नाही. दोघी आईच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.