वेशीतलं कोपर

खाणीत दगड फोडणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव कोपर म्हणायचं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुणी विचारलंच, तर तो स्वतःच क्षणभर विचारात पडायचा. अंगानं आडवा, मान असून नसल्यासारखी, आणि डाव्या कोपराची कातडी सोलवटून सोलवटून जुन्या चपलेच्या तळासारखी झालेली. या कोपरानं किती जणांचे दात पाडले, याचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता. ज्यांचे पडले त्यांनी ठेवला असणार.

दात पडायचे ते सायकलींच्या शर्यतीत. दरवर्षी एकदा डोंगररस्त्यानं ही शर्यत निघायची. चढ चढायचे, उतार उतरायचे, वाटेत जुनी तटबंदीची गावं लागायची, आणि सगळ्यात शेवटी कोपरचं गाव. तिथं शेवटचा चढ संपतो न संपतो तोच रस्ता तटाची भिंत आणि घरांची भिंत यांच्यामध्ये चिंचोळा होत जायचा आणि वेशीत शिरायचा. ही वेस बांधणाऱ्यांना शत्रूची भीती असावी, कारण तिच्यातून एका वेळी एकच सायकल जायची. दोन्ही बाजूंना गाड्यांची चाकं अडवायला पुरलेले गोल दगड. पलीकडे थेट चौकापर्यंत फरसबंदी उतार, तोही इतका अरुंद की पुढच्याला मागे टाकायची सोयच नाही. थोडक्यात, वेशीतून आधी जाईल त्यानं शर्यत जिंकली.

नियम एकच होता. हँडलवरचे हात सुटता कामा नयेत. खांदा, डोकं, कोपर, ज्याला जे देवानं दिलंय ते त्यानं वापरावं. पंच चौकात खुर्ची टाकून बसायचे. पूर्वी एक पंच वेशीजवळ बसायचा, त्याचा जबडा मोडल्यापासून कुणाला तिथं बसायची हौस उरली नव्हती. गावकरी मात्र सकाळपासून तटावर जागा धरून बसायचे. डोंगरातली सायकल कुणाला बघायची होती? त्यांना हाडांचा आवाज ऐकायचा होता.

कोपरचं काम वेस मोकळी करण्याचं. त्याच्या क्लबाचा वेगवान गडी होता औषधवाल्याचा पुतण्या, पायांनी हरीण आणि काळजानं ससा. त्याला कोपर आपल्या मागे लपवून चढ चढवायचा, वेशीच्या तोंडाशी हात हँडलच्या खालच्या वाकात घालायचा आणि डावं कोपर बाहेर फेकायचा. शेजारचा गडी भिंतीवर आपटून सायकलीसकट खाली. मग पुतण्या मागून निघून वेशीत. खालच्या वाकातून कोपर लांब फिरतं, हे तिकडच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. हात खाली गेला की कोपर आलंच, असं सगळे शर्यतवाले मानून चालायचे आणि ते बरोबरही होतं.

वाईट एवढंच की त्या कोपराला शर्यत कुठली आणि संसार कुठला हे कळेनासं झालं होतं. लेकीच्या लग्नात फोटोसाठी उभं राहताना मेहुण्यानं डावीकडून जरा रेटलं, तर कोपर आपोआप सुटलं. त्या फोटोत मेहुणा नाकाला रुमाल लावून आहे. लोकांना वाटतं भाचीच्या लग्नात रडला.

लेक दिली होती पलीकडच्या गावात, एका शिंप्याला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा, दुसऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तरी अस्वस्थ होणारा. या गुणी माणसाला सायकलीचं वेड आहे हे लग्नानंतर कळलं, आणि तो त्यांच्या गावातर्फे शर्यतीत उतरतोय हे तर शर्यतीच्या आदल्या आठवड्यात.

क्लब चालवणारा औषधवाला आपल्या दुकानाच्या फळीवर कोपर टेकून म्हणाला, "यंदा तुझा जावईच पुढे असेल म्हणतात. चढाला भारी आहे."

"असेल."

"मग? जावई म्हणून पायघड्या घालणार, की पाडणार?"

"बघू."

"बघू नको. तुला जमत नसेल तर खाटकाला पाठवतो."

कोपरनं खोकल्याची बाटली उचलली आणि बाहेर पडला. खाटीक कोपरानं मारत नसे. तो सायकलीचं पुढचं चाक दुसऱ्याच्या तारांत घुसवायचा. मागे एकाचा घोटा त्या तारांत असा सापडला होता की पाऊल मागच्या बाजूला वळलं. तो माणूस अजून तसाच चालतो.

शर्यतीच्या सकाळी लेक आली. पोट दिसू लागलं होतं. कोपर अंगणात चेनला तेल देत होता, आणि आई चहा ठेवायला आत गेल्याचं बघून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नका उतरू."

"मी नाही तर खाटीक जाईल."

तो घोटा तिनंही पाहिला होता.

"मग जा. पण कोपर चालवायचं नाही. शिंप्याचं मनगट मोडलं तर आम्ही खायचं काय, दोरे?"

"नाही चालवणार."

"तुमचं नाही हो, त्याचं सांगा." तिनं डाव्या कोपराकडे बोट केलं. "ते ऐकतं का तुमचं?"

कोपर हसला. ती हसली नाही.

"यांना पाडलंत, तर या घरात माझं पाऊल नाही. आणि नातवंडाचं तोंड तुम्हाला दिसायचं नाही. आधीच सांगून ठेवते."

ही लेक बापावर गेलेली होती. बोलली की बोलली.

म्हणून पहिल्या चढापासून कोपरच्या डोक्यात एकच विचार होता, की या हाताचं करायचं काय. दुसऱ्या डोंगराच्या उतारावर पलीकडच्या गावच्या एका धटिंगणानं त्याला डोक्यानं ढुशी दिली. कोपरनं उजव्या खांद्यानं परत दिली, तर तो गडी पुलाच्या कठड्यावरून ओढ्यात गेला, सायकल वर राहिली. त्यात जावयाचा काही संबंध नव्हता, त्यामुळे ते चालण्यासारखं होतं. पुढे एका जुन्या गावाच्या बाजारपेठेत दुसरे दोघं गडी एकमेकांत अडकून लोहाराच्या दुकानात घुसले, एकाच्या गालातून दातच बाहेर आला. पुतण्या मागून रडक्या आवाजात विचारत होता, "काका, अजून किती?" कोपर म्हणाला, "तोंड बंद ठेव, जीभ तुटेल."

शेवटच्या चढाला मोजकेच उरले. पुढे जावई. शिंप्याचे पाय मशिनीच्या पॅडलवर कमावलेले, एका लयीत, न थकता. कोपर छाती फुटेस्तोवर ओढत त्याच्या उजवीकडे पोचला. म्हणजे जावई बरोबर त्याच्या डाव्या बाजूला, कोपराच्या पल्ल्यात. तटावरून आरडाओरडा सुरू झाला. भिंती जवळ येऊ लागल्या. आणि कोपरला जाणवलं, खांद्यातून ते कोपर उठायला लागलंय. त्यानं सांगितलेलं नव्हतं. वेस दिसली की ते उठायचंच.

त्याच्या डोळ्यांपुढे अंगणातली लेक आली. त्यानं घाईनं दोन्ही हात हँडलच्या खालच्या वाकात घातले, कोपर बरगड्यांत खुपसलं आणि दात आवळून तसंच दाबून धरलं. तसं ते दाबून धरायचं तर वाकून, हात खाली घालूनच धरता येत होतं, त्याला दुसरी युक्ती सुचली नाही.

जावयानं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. सासऱ्याचा हात खाली गेला होता.

त्या हळू बोलणाऱ्या माणसानं वाट बघितली नाही. त्यानं मान आत ओढली आणि सगळ्या अंगाचा भार घालून डोकं कोपरच्या जबड्यावर हाणलं. कोपरच्या तोंडातून रक्ताची चूळ उडाली. सायकल उजवीकडे फेकली गेली, पुढचं चाक गोल दगडावर चेपलं आणि कोपर हँडलवरून उडून वेशीच्या चिऱ्यावर खांद्यानं आदळला. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज तटावर ऐकू गेला. पैसा वसूल झाल्यासारखे लोक ओरडले. पुतण्या त्याच्या पायांवरून सायकल घालून पुढे पडला, त्याच्यावर आणखी दोघं. जावई एकटा वेशीतून गेला.

दवाखान्यात जखमींची रांग होती. डॉक्टर एकाचा गाल शिवत होते, कंपाउंडर दुसऱ्याला धरून बसला होता. कोपर बाकावर. वरचा ओठ फाटलेला, पुढचे दात जागेवर नाहीत, उजवा हात लोंबकळता. बायको शेजारी बसून त्याच्या नाकाखाली फडकं धरत होती आणि अधूनमधून त्याच्याकडे असं बघत होती, की दुखणं बरं.

लेक दारात आली. तिला चौकात कुणीतरी सांगितलं होतं, बापानं कोपर उगारलं, पण जावयानं आधीच लोळवलं.

"बोलले होते ना मी?" ती म्हणाली.

कोपरनं तोंड उघडलं. शब्दाऐवजी रक्तच आलं. त्यानं परत मिटलं.

"तुम्हाला एवढंसुद्धा जमलं नाही."

"आधी ते दगड तरी काढ त्यांच्या अंगातले," आई म्हणाली. "मग जा कुठं जायचंय तिकडे."

लेकीनं नाक ओढलं, कंपाउंडरच्या टेबलावरून कापूस आणि औषधाचं पाणी घेतलं, खाली बसली आणि सवयीनं बापाचं डावं कोपर हातात घेतलं. लहानपणापासून हे तिचं काम. शर्यतीनंतर त्या कोपरात समोरच्याच्या शर्टाचा धागा, भिंतीचा चुना, एकदा तर कुणाचा तरी दात रुतलेला असायचा, आणि ती शिव्या घालत ते वेचून काढायची.

तिनं कोपर उजेडाकडे फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. खरचटलेलं नव्हतं, रक्ताचा टिपूसही नव्हता. तिनं बापाचा शर्ट वर केला. बरगड्यांवर कोपराच्या मापाचा लालभडक वण उमटला होता, जसं काही त्यानं स्वतःलाच मारलं होतं.

ती उठली आणि तरातरा बाहेर गेली.

बाहेर जावई चार मित्रांच्या घोळक्यात चषक घेऊन उभा होता. कपाळाला टेंगूळ. ही बाई नवऱ्याला कायम अहो-जाहो करायची. त्या दिवशी तिनं त्याच्या हातातून चषक घेतला, तोच त्याच्या टेंगळावर हाणला आणि म्हणाली, "चल रे आत."

जावई आत आला. तिनं बापाचा शर्ट वर करून दाखवला.

"मामा, तुमचा हात खाली गेला होता," जावई म्हणाला. त्याच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. "हात खाली गेला की..."

"हा हात अंगाशी धरायला गेला होता," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

जावयानं एकदा वणाकडे पाहिलं, एकदा फाटलेल्या ओठाकडे, आणि तो खालीच बसला.

"यांचं हाड जुळेपर्यंत खाणीत तू जायचं," लेक म्हणाली. "आणि तोवर आपण दोघं इथंच राहायचं."

"अगं, मी शिंपी आहे. घण उचलताना हात..."

"डोकं हाणताना आठवलं होतं शिंपी आहेस ते?"

कोपरच्या खांद्याला हसू बाधलं, तो कण्हला. त्यानं डाव्या हातानं जावयाची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. जावई डोळे मिटून तयार राहिला. पण कोपरनं फाटक्या ओठातून, थुंकी आणि रक्त उडवत, एवढंच सांगितलं, "धडक बरी होती. पण मान आखडतोस. एक दिवस मोडून घेशील."

"त्याला शिकवू नका," लेक म्हणाली, आणि बापाच्या उजव्या खांद्यात रुतलेली खडी वेचायला बसली, अजिबात हळुवारपणे नाही.