पाईपाला साबण

पहिल्याच आठवड्यात माझ्या स्टोअरमधून साबण नाहीसा होऊ लागला. कपडे धुण्याच्या चार वड्या आणल्या की दोन दिवसांत संपायच्या. नागापूरला तेव्हा कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि आमची टोळी त्यांचं वायरिंग करायची. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथे स्टोअर सांभाळत होते. चोरी झाली हे कुणाला सांगायचं, या काळजीने मला जेवण जाईना. शेवटी चांदभाई मिस्त्रींना विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, "ताई, पाईपाला आंघोळ घालतो आमी. न्हाई तर आतून वायर सरकत न्हाई."

अशा गोष्टी कुणी ठरवून जमवत नाही. वायरीच्या उरलेल्या तुकड्यांसारख्या त्या कोपऱ्यात साठत जातात.

*

लोखंडी पाईपाच्या एका टोकाला वायर सोडणारा आणि दुसऱ्या टोकाला ओढणारा. मध्ये भिंती. एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून दोघं पाईपाला तोंड लावून बोलत. हे मला ठाऊक नव्हतं. एका दुपारी मी एकटीच उभी असताना भिंतीतून आवाज आला, "सोडा की वो."

हातातला स्विचांचा खोका खाली पडला.

पलीकडून रखमाजी आला. आमच्या टोळीतला सगळ्यांत दणकट गडी. विखुरलेले स्विच गोळा करत म्हणाला, "भिंतीला कान असत्यात म्हनं, ताई. तोंड बी असतंय."

*

या रखमाजीचा साबणापेक्षा जोरावर विश्वास. एकदा कोरड्याच पाईपात वायर अडकली. त्याने भिंतीला पाय लावून हिसका दिला आणि तुटकं टोक हातात घेऊन पाठीवर पडला.

चांदभाईंनी त्याला हात देऊन उठवलं. "मोटंचा नाडा न्हाई हा, रखमाजी. हिला समजूत घालून न्यायची."

*

जिथे साबणाचं पाणी चालत नसे, तिथे पाईपात शंखजिऱ्याची पूड फुंकत. एका संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. पूड चाळता चाळता उशीर झाला, तशीच घरी गेले. मुलाच्या आईने माझे पांढरे हात पाहिले.

"भाकऱ्या करत होतीस वाटतं?"

"हो," माझी आई घाईने म्हणाली.

त्यांना नोकरी करणारी मुलगी नको होती. मी हात पदराखाली घेतले.

*

शेवटची गोष्ट मी सहसा सांगत नाही.

त्या शुक्रवारी साबण संपला होता आणि चांदभाई नमाजाला गेले होते. "मशीनचं तेल द्या की," रखमाजी म्हणाला, "लई झ्याक सरकतंय." मी डबा दिला. वायर इतकी सहज गेली की मला कसंतरीच वाटलं. पण मी डब्याला झाकण लावून तो जागेवर ठेवला.

बऱ्याच दिवसांनी शेडमध्ये, पाईपाच्या तोंडाशी त्या वायरीला माझा हात लागला. वरचं रबर फुगून मऊ झालं होतं. बोटाबरोबर सुटून आलं आणि आत तांबं दिसलं. तेलाने रबर कुजतं, हे मी कॉलेजात परीक्षेला लिहिलं होतं.

पाईपाचं दुसरं टोक कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, विहिरीवरच्या पंपघरात होतं. तिथला मेन स्विच चांदभाई त्याच दुपारी पहिल्यांदा चालू करणार होते. उघड्या तांब्यातून वीज सगळ्या लोखंडी पाईपात उतरली असती. खाली ओल. आणि त्यांना पाईपाला हात टेकून उभं राहायची सवय.

मी सांगताच रखमाजी फाटकातून वळसा घालून पंपघराकडे धावला. मी पाईपाला तोंड लावलं.

"चांदभाई, चालू करू नका."

काही नाही.

"चांदभाई, पाईपाला हात लावू नका."

तेलाचा वास घशात गेला. तिसऱ्यांदा नुसतं नाव घेतलं. कान लावला.

मग आत कुणीतरी खाकरलं.

"फ्यूज माज्या खिशातच हाय, ताई. हितं बी वास येतोय. तेल कोनी दिलं?"